नऊ फेब्रुवारीचं चित्र

आमच्या चित्रवर्गाच्या ग्रुपवर अजून तो फोटो आहे. मी मधोमध उभा, नवा कुर्ता, हातात सोनचाफ्याचं फूल, आणि तोंडावर असं हसू की आता बघितलं की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते. फोटो काढून टाका म्हणून कुणाला सांगायचं धाडस होत नाही. का काढायचा, असं कुणी विचारलं तर?

मी नरहरी. मूळचा इचलकरंजीचा. वीस वर्षांपूर्वी बोईसरला रंगाच्या कारखान्यात लागलो आणि पालघरला घर घेतलं. माझं काम शेड मॅचिंगचं. नवीन बॅच निघाली की तिचा रंग कापडाच्या चिंधीवर चढवायचा, ती चिंधी मंजूर झालेल्या स्टँडर्डच्या शेजारी धरायची आणि सांगायचं, जमलं की नाही जमलं. मशीन आहे, पण मशीनने पास केलेली बॅचही आमचे साहेब माझ्यासमोर धरतात. खाली प्लांटमधले लोक म्हणतात, "नरहरी भाई की आँख है, आँख." वीस वर्षं हे ऐकून माणूस चढेल नाही तर काय होईल? मी चढलो.

त्या चढलेल्या अवस्थेतच मी हेतल मॅडमच्या चित्रवर्गात नाव घातलं. वाटलं होतं, रंग तर आपल्याला येतोच, राहिलं काय? पहिल्याच दिवशी मी काढलेला टोमॅटो बघून त्या म्हणाल्या, "रंग बरोबर आहे, टोमॅटो कुठे आहे?" सगळा वर्ग हसला. मीही हसलो, पण घरी येऊन जेवलो नाही.

त्यांनीच हा मार्ग सांगितला. शंभर दिवस रोज एक चित्र. जागा तीच, माणूस किंवा वस्तू तीच, वीस मिनिटं. पोस्टकार्डाएवढा कागद. खाली तारीख. त्या म्हणाल्या, "चित्र बिघडलं तर बिघडू दे. ज्या दिवशी नाही काढलं त्या दिवशी कोरा कागद ठेवा आणि त्यावर तारीख घाला. पण जे बघितलं नाही त्याच्याखाली तारीख घालू नका." मी वहीत लिहून घेतलं होतं. अक्षर चांगलं आहे माझं.

कंपनीची बस मला पालघर स्टेशनच्या बाहेर पावणेआठला मिळते. तिथे एक बंद पडलेला फोटो स्टुडिओ आहे. त्याच्या पायरीवर शिरगावच्या रत्नाबाई भाजी घेऊन बसतात. घरच्या वाडीतली भाजी: अळू, पडवळ, शेवग्याच्या शेंगा, कधी केळफूल. साठीच्या पुढच्या, अंगाने काटक, आणि अंबाड्यात रोज सोनचाफ्याचं एक फूल. एकच. समोर चहाची टपरी, तिथे बाकडं. मला आणखी काय पाहिजे होतं?

एक जानेवारीला विचारलं, "मावशी, रोज तुमचं चित्र काढलं तर चालेल का?"

"माजं?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "भाजी घेनार असाल तर काडा. फुकट नुसतं बघत बसायचं नाय."

मग रोज काहीतरी घ्यायचो. केळफूल दिसलं की हमखास, कारण माझ्या बायकोला, दीपाला, ते सोलायचा भारी कंटाळा आणि मला ते खायची भारी हौस. आठवड्याभरात रत्नाबाई माझ्यासाठी केळफूल वेगळं काढून ठेवायला लागल्या, ओल्या फडक्याखाली. एकदा मी फुलाचं विचारलं. त्या लाजल्या. त्या वयाचं माणूस लाजलं की फार छान दिसतं. म्हणाल्या, "आमचे हे चाफ्याला पानी घालतात. पयलं फूल माजं. लगीन झाल्यापास्नं हायच ते." त्यांच्या नवऱ्याचं नाव बन्सी हे मला पुढे कळलं.

पहिले तीस दिवस मी खरंच बघितलं. हे सांगून मी स्वतःची बाजू मांडत नाही, पुढचं कळावं म्हणून सांगतो. पहिल्या आठवड्यात रत्नाबाई गोणीसारख्या दिसत होत्या. दुसऱ्या आठवड्यात मला कळलं की त्या डाव्या अंगावर जास्त भार देऊन बसतात. मग कळलं, गिऱ्हाईक नसलं की त्यांची मान कलते आणि गिऱ्हाईक आलं की आधी हात हलतो, मग मान. नऊवारीच्या काठाला उन्हात एक रंग असतो आणि सावलीत दुसराच. मी वीस वर्षं रंग बघत होतो आणि हे मला ठाऊक नव्हतं! बसमध्ये बसलो की पिशवीतून चित्र काढून पुन्हा पुन्हा बघायचो, इतका आनंद व्हायचा.

एकतीस जानेवारीला चित्र जमलं. सगळं जमलं. मान, हात, पाटी, आणि विशेष म्हणजे तो चाफ्याचा पिवळा. लिंबाच्या पिवळ्यात नारिंगीचा नुसता श्वास, आणि कडेला कागद कोरा सोडलेला. हेतल मॅडमनी ते वर्गात भिंतीवर लावलं. मग म्हणाल्या, "टोमॅटोवाले, जमलं तुम्हाला." ग्रुपवर दीडशे लोकांनी हात जोडले, बदाम पाठवले, ज्वाळा पाठवल्या.

आणि तिथेच माझी गाडी रुळावरून घसरली. आमच्या धंद्यात एकदा स्टँडर्ड मंजूर झालं की मग कुणी मूळ वस्तूकडे बघत नाही. गिऱ्हाइकाने कुठल्या फुलाचा रंग आणून दिला होता, कुठल्या साडीचा, ते पुन्हा काढायचं नसतं. प्रत्येक बॅच स्टँडर्डशी ताडून बघायची. मी एक फेब्रुवारीला एकतीस तारखेचं चित्र चिमट्याने कागद ठेवायच्या फळीला लावलं आणि त्याच्या शेजारी नवीन कागद. मान वर करायचो, नाही असं नाही. पण मान वर करून मी जमलं की नाही जमलं एवढंच बघायचो, आणि ताडायचो चित्राशी.

चित्रं एकसारखी देखणी व्हायला लागली. लोक म्हणाले, हात बसला. मलाही तसंच वाटलं.

सात ते दहा फेब्रुवारी मला कंपनीने अंकलेश्वरला पाठवलं. हॉटेलच्या टेबलावर फळी ठेवली, चिमट्यात एकतीस तारीख, आणि रोज सकाळी एक रत्नाबाई काढून मोकळा झालो. खाली तारीख घातली. सात. आठ. नऊ. दहा. आठला पेन जरा थबकलं होतं. नऊला नाही थबकलं.

परत आलो तर पायरी रिकामी. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. आता मी तेव्हा काय विचार केला ते जसंच्या तसं सांगतो, कारण ते सांगायलाच हे लिहायला बसलोय. मला राग आला. बाईला काही ताळतंत्र आहे की नाही, माझी मालिका मोडायला निघाली, असा. टपरीवाल्याला विचारायचं होतं, पण बसची वेळ व्हायची. मी रिकाम्या पायरीसमोर बसून त्यांचं चित्र काढत राहिलो, फुलासकट. घरी दीपा म्हणाली, "हल्ली भाजी आणत नाही तुम्ही. त्या बाईंना काही झालं का? विचारलंत का?" मी म्हणालो, "मी काय त्यांचा पाहुणा आहे का?" दीपाने माझ्याकडे बघितलं आणि कणीक मळायला घेतली.

चोवीस तारखेला रत्नाबाई परत आल्या. मी बाकड्यावरून हात केला. त्यांनीही मान हलवली. मी फळी काढली, एकतीस तारीख चिमट्याला लावली आणि कामाला लागलो. भाजी घेताना त्या नेहमीसारखं काही बोलल्या नाहीत, आणि बस आली होती म्हणून मला बरंच वाटलं.

त्यानंतर पंचेचाळीस दिवस. पंचेचाळीस चित्रं. प्रत्येकात चाफा.

प्रदर्शन एप्रिलच्या तिसऱ्या रविवारी, पालघरमध्येच एका छोट्या हॉलमध्ये. शंभर चित्रं तारखेच्या क्रमाने, चारी भिंतींवर. पन्नासेक माणसं. कंपनीतले साहेब सहकुटुंब आले होते. मी रत्नाबाईंना बोलावलं होतं, रिक्षाने आणायची सोय केली होती. त्या मुलीला घेऊन आल्या. मोनाली नाव तिचं, बोईसरला एका दवाखान्यात कामाला. रत्नाबाईंच्या अंगावर कपाटातून काढलेली फिकी साडी, घडीच्या रेषा तशाच.

हेतल मॅडमनी माझं कौतुक केलं. मग मी माईक घेतला. म्हणालो, कलाकार घडतो तो रोज बघण्यातून. खरंच असं म्हणालो मी. मग म्हणालो, ज्यांना मी शंभर दिवस बघितलं, त्यांचा सत्कार. शाल दिली, नारळ दिला, आणि मला वाटलं होतं कमाल होईल म्हणून आधीच आणून ठेवलेलं सोनचाफ्याचं फूल दिलं.

त्यांनी ते हातात घेतलं.

"माळा ना मावशी," मी म्हणालो. "तीच तर तुमची ओळख. फोटोसाठी."

मोनाली पटकन पुढे आली. "काका, राहू दे."

"अगं लाजतायत त्या!" मी माईकमध्येच म्हणालो. लोक हसले. मी फूल परत घेतलं आणि त्यांच्या अंबाड्याकडे हात नेला. तेवढ्यात कुणीतरी फोटो काढला. हाच तो फोटो.

"काका," मोनाली हळू बोलली, पण माईक चालू होता. "बाबा गेले. फेब्रुवारीत. आई आता फूल नाय माळत."

मला वाटलं जमिनीने पोटात घ्यावं. रत्नाबाईंचा अंबाडा माझ्यापासून वितभर अंतरावर होता. रिकामा. पंचेचाळीस दिवस तो माझ्यासमोर वीस पावलांवर रिकामाच होता, आणि कंपनीत मला 'आँख' म्हणतात.

शाल सावरून रत्नाबाई भिंतीकडे गेल्या आणि चित्रं बघायला लागल्या. लोकांना वाटलं, झालं, निभावलं, आणि चहाकडे वळले. मी मात्र त्यांच्या मागे मागे. मोनालीला त्या तारखा वाचायला लावत होत्या.

"नऊ कुटं हाय? फेब्रुवारीची नऊ?"

मोनालीने दाखवलं.

"नऊच्या रात्री गेले हे," रत्नाबाई म्हणाल्या. माझ्याकडे बघून नाही, चित्राकडे बघून. "छातीत कळ आली न् संपलं. म्हंजे सकाळचं फूल त्यांनी दिलेलं. शेवटचं." त्या चित्राच्या अगदी जवळ गेल्या. "पन त्या दिवशी फूल नव्हतं उमललेलं. थंडी होती. कळीच खुडली. म्हनले, आज एवडंच घे, उद्या चांगलं देतो."

माझ्या चित्रात टप्पोरं फूल होतं. लिंबाच्या पिवळ्यात नारिंगीचा नुसता श्वास.

मी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. समोर साहेब, त्यांची बायको, हेतल मॅडम, दीपा. रत्नाबाईंनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्याच म्हणाल्या, "तुमाला लांबून तसं दिसलं असंल."

"हो," मी म्हणालो. "लांबून... उन्हात कधीकधी..."

त्यांनी मला दोर टाकला आणि मी तो धरला. आजही हे लिहिताना कान गरम होतायत.

"मंग हे मना द्या," त्या म्हणाल्या. मी चित्र भिंतीवरून काढून दिलं. भिंतीवर आठ आणि दहाच्या मध्ये एक चौकोन मोकळा राहिला. लोकांना वाटलं पहिलं चित्र विकलं गेलं. कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

रात्री दीपाने काही विचारलं नाही. ती विचारती तर बरं झालं असतं. पुढचे आठ दिवस मी स्टेशनच्या बाहेरून बस पकडली नाही, पुढच्या थांब्यापर्यंत चालत गेलो. चाळीस मिनिटं उन्हातून, पायरी दिसू नये म्हणून. कंपनीत एक बॅच पास केली ती गिऱ्हाइकाने परत पाठवली, वीस वर्षांत पहिल्यांदा. साहेब म्हणाले, चष्म्याचा नंबर बघून घ्या.

मला डोळ्यांपुढे एकच दिसत होतं. शिरगावच्या घरात बन्सीभाऊंच्या फोटोशेजारी ते चित्र लावलेलं असणार. त्याच्याकडे बघून ती बाई आपली शेवटची सकाळ आठवत असणार. आणि ती सकाळ मी अंकलेश्वरच्या हॉटेलात, चहा आणि पोहे खाता खाता, जुन्या चित्रावरून उतरवलेली. चित्र खोटं, आणि त्यावर ती बाई डोळे पुसत असणार. हे काही सहन होईना. नवव्या दिवशी सातलाच स्टेशनबाहेर गेलो. टपरीवर न बसता सरळ पायरीपाशी जाऊन उकिडवा बसलो.

"मावशी, एक सांगायचंय."

"सांगा."

"ते नऊ तारखेचं चित्र. मी त्या दिवशी इथे नव्हतोच. गुजरातला होतो. तिकडे बसून जुन्यावरून काढलं, आणि तारीख घातली. खोटी. नंतरचीसुद्धा... तुम्ही नव्हता तेव्हाचीसुद्धा सगळी..."

रत्नाबाई अळूची जुडी बांधत होत्या. ती बांधून झाली. बाजूला ठेवली.

"म्हायती हाय मना," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तुमी नव्हता ते. सात तारखेला नाय आलात. केळफूल ठेवलं होतं तुमच्यासाटी, फडक्याखाली. म्हटलं उद्या येतील. आठला नाय. नऊला बी नाय. रोज बाकड्याकडे बघत व्हते, म्हटलं मानूस आजारी पडला की काय. टपरीवाल्याला विचारलं बी. त्याला काय ठाव नाय."

मी ज्या टपरीवाल्याला विचारलं नव्हतं तोच टपरीवाला.

"मग तिथे... सगळ्यांसमोर तुम्ही..."

"राग आला होता," त्यांनी आता माझ्याकडे बघितलं. "लय आला होता. फूल डोक्याला लावायला आलात तवा तर वाटलं, नारळ घालावा ह्याच्या टाळक्यात. पन तुमची बायको उभी व्हती तितं. तुमचे सायेब व्हते. पन्नास मानसांत कुनाचं तोंड कशाला काळं करायचं? म्हनून उचलून घरी नेलं. तितं टांगून ठेवलं असतंत तर आनखी कुनी कुनी बघितलं असतं ते."

"फोटोजवळ लावलं नाही?"

"खोटं फूल यांच्या फोटोजवळ? पेटीत हाय, कपड्यांखाली. नेनार असाल तर उद्या आनते."

मी मान हलवली. नेणार, की नको, मलाच कळलं नाही.

एक गिऱ्हाईक आलं. त्यांनी शेंगा मोजून दिल्या. आधी हात हलला, मग मान. जानेवारीत मीच हे हेरलं होतं. आता तो हात जरा सावकाश हलत होता, आणि मधेच कपाळावरची बट मागे सारताना बोटं अंबाड्यापर्यंत जायची, तिथे काही सापडायचं नाही, आणि परत यायची. मी हे तेव्हा पहिल्यांदा बघितलं. चोवीस फेब्रुवारीपासून ते तिथे होतं.

गिऱ्हाईक गेल्यावर मी विचारलं. नऊ तारखेचं काहीतरी, एखादी तरी गोष्ट खरी हाताला लागावी असं वाटत होतं. "त्या केळफुलाचं काय झालं?"

"नऊला घरी नेलं. वरनं काळं पडलं व्हतं, पन आत चांगलं व्हतं. तुमी आला असतात तर तुमीच नेलं असतंत. रात्री भाजी केली त्याची." त्यांनी ओलं फडकं पिळून पाटीवर पसरलं. "यांनी दोनदा घेतली. मंग हात धुतला, न् म्हनले, पडतो जरा."

बस आली. हॉर्न वाजवून निघून गेली. मी फळी मांडीवर घेतली. चिमट्यात एकतीस जानेवारी तशीच अडकलेली होती. ती काढली, पिशवीत उलटी टाकली. कोऱ्या कागदावर आधी तारीख घातली, मग मान वर केली.

"बसा नीट," रत्नाबाई म्हणाल्या. "न् भाजी घ्यायची हाय, इसरू नका."

वीस मिनिटं झाली, चाळीस झाली. त्या दिवसाचं चित्र अगदीच बिघडलं. अंबाडा मला काढताच आला नाही.